पतीला झालेली शिक्षा पूर्ण मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जिल्हा कारागृह.

विषय : कारागृह रुग्णालयातील खिडकीजवळच्या खाटेवरील कैदी निरोगी असल्याने त्यास बराकीत हलवणे व ती खाट आजारी कैद्यास देणे याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यावरून बसवण्यात आलेला पंखा.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज व त्यावरून वाढवण्यात आलेला एक महिना.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याकडील एका कैद्याची पत्नी असून हा तिचा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन अर्ज तिने घरची अब्रू सांभाळत, कारणे न सांगता लिहिले. त्यामुळे दोन्हींचा अर्थ उलटा घेतला गेला. त्यात कार्यालयाचा दोष नाही. या वेळी मात्र जे घडले ते हातचे काही न राखता लिहिले आहे. अर्ज लांबला आहे, तरी साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचावा.

२. अर्जदाराचे पती नगरपालिकेचे अध्यक्ष होते. पद गेले तरी गाव त्यांना अध्यक्षच म्हणते, म्हणून या अर्जातही तेच नाव वापरले आहे. पालिकेच्या नाट्यगृहाची वरची गॅलरी धोक्याची झाली आहे, तिथे माणसे बसवू नयेत, असे तिथल्या अभियंत्याने लेखी कळवले होते. अध्यक्षांच्या एका मित्राला नेमका तिथेच मोठा कार्यक्रम करायचा होता. अध्यक्षांनी अभियंत्याची बदली केली आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाकडून हवा तसा दाखला लिहून घेतला. कार्यक्रम रंगात आला असताना गॅलरी खाली आली. जीव कोणाचा गेला नाही. पण खाली दाराशी तिकिटे तपासत उभ्या असलेल्या माणसाचा पाय कापावा लागला, आणि एका शाळकरी मुलीला आजही एका कानाने ऐकू येत नाही. न्यायालयाने अध्यक्षांना तीन वर्षे सक्तमजुरी दिली. त्या निकालाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

३. निकालानंतर अर्जदार भाजीला दूरच्या बाजारात जाऊ लागली. ओळखीचे कोणी समोरून आले की चपलेचा पट्टा नीट करायला वाकायची. लोक काही बोलत नव्हते. बोलले असते तर बरे झाले असते. नेहमीचा भाजीवाला वजनावर दोन टोमॅटो जास्त टाकायचा ते अध्यक्षांची बायको म्हणून. दूरचा भाजीवालाही टाकू लागला, तेव्हा हा मान आहे की कीव आहे हे अर्जदाराला ठरवता येईना. तिने टोमॅटो आणणेच बंद केले.

४. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी अर्जदार घाबरत घाबरत कारागृहाशी आली. फाटकाबाहेर लांबलचक रांग होती. अर्जदार शेवटी जाऊन उभी राहणार, तोच पहाऱ्यावरच्या शिपायाने सलाम ठोकला आणि तिला बाजूच्या दाराने आत नेले. कार्यालयाशेजारच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, कपबशीतून चहा आला, आणि अध्यक्ष स्वतःच्या घरच्या पांढऱ्या कपड्यांत, कडक इस्त्रीत, चालत आले. छातीत दुखते म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी कारागृहाच्या रुग्णालयात ठेवले होते. खिडकीजवळची खाट होती, वारा चांगला येत होता.

येथे नमूद करणे भाग आहे की, अर्जदाराने तीस वर्षे टेलिफोन कार्यालयात लोकांचे फोन जोडले आहेत. माणूस खरे बोलतो की वेळ मारून नेतो, हे तिला आवाजावरून कळते. अध्यक्ष "छातीत दुखतं" म्हणाले तेव्हाही ते कळले. घरी त्यांची छाती कधी दुखली नाही; जिना चढताना धाप लागायची ती अर्जदारालाच. तरीही त्या दिवशी अर्जदार काही बोलली नाही. उलट तिचा जीव भांड्यात पडला. घरी जाताना बाहेरची रांग तशीच उभी होती, आणि तिच्याकडे न बघता अर्जदार गाडीत बसली.

५. घरी या गोष्टीवरून रोज वाद होई. अर्जदाराची मुलगी म्हणायची की, पुढाऱ्याने कायदा मोडला तर त्याला इतरांपेक्षा जास्तच शिक्षा हवी. बाहेरच्या चोराला एक न्याय, पण राखणदारानेच घर फोडले तर त्याला दुप्पट नको का? अर्जदाराचे दीर वकील आहेत. त्यांचे म्हणणे असे की, सामान्य माणूस आत गेला तर त्याचे दिवस जातात. पुढारी आत गेला तर दिवस जातात, पद जाते, नाव जाते, आयुष्यभराची कमाई जाते. म्हणजे न्यायालयाने न देताच त्याला दुप्पट झालेली असते. अर्जदार पानात वाढता वाढता दोघांचे ऐकायची आणि जो बोलत असेल त्याचे तिला पटायचे.

स्वतः अध्यक्ष या बाबतीत मुलीच्या बाजूचे होते; निदान भाषणात तरी. पुढाऱ्याने गुन्हा केला तर त्याला भर चौकात उभे करा, असे ते प्रत्येक सभेत सांगत. टाळ्या पडत. अर्जदार पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असे. तेव्हा हात का दुखले नाहीत, असे आता वाटते.

६. पुढे गाडीचा चालक काम सोडून गेला, म्हणून अर्जदार एका मुलाखतीला बसने आली. डोक्यावरून पदर घेतला होता, पहाऱ्यावर नवा शिपाई होता, त्यामुळे कोणी ओळखले नाही आणि ती प्रथमच रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईने मागे वळून पाहिले. ती अर्जदाराच्याच गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसणारी इस्त्रीवाली निघाली. अध्यक्षांचे पांढरे कपडे कित्येक वर्षे तिच्याकडेच जातात. कारागृहात पोहोचणारे कपडेही तिच्याच हातचे.

तिचा नवरा याच कारागृहात आहे, हे अर्जदाराला ठाऊक नव्हते. त्याला सगळे पक्कड म्हणतात, कारण कंत्राटावर वायरमन असताना त्याच्या खिशात कायम पक्कड असायची. पालिकेच्या गोदामातून रस्त्यावरच्या दिव्यांच्या तारेची वेटोळी त्याने विकली. ती चोरीच होती, असे इस्त्रीवालीनेच सांगितले. आळ घेतला वगैरे ती म्हणाली नाही. त्यालाही तीनच वर्षांची शिक्षा झाली आहे. मात्र त्याला आत आल्यापासून दम लागतो. चार पावले चालला की धाप, ओठ काळेनिळे. डॉक्टरांनी तपासून कागदावर लिहून दिले आहे की खाट रिकामी झाल्यावर दाखल करावे. खाटा सहा आहेत.

त्यांतली एक कोणाकडे आहे, हे अर्जदाराला ठाऊक होते. काहीतरी बोलायचे म्हणून, की घरातल्या वादाचा तिलाच निकाल लावायला सांगायचा म्हणून, कोण जाणे, पण तिने विचारले की अध्यक्षांना जास्त शिक्षा व्हायला हवी होती, असे तुला वाटते का. इस्त्रीवालीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जास्त कशाला, बाई? दिलीय तेवढी तरी होऊ दे. माझ्या माणसाला तीन वर्षं दिली, तो भोगतोय. साहेबांना तीन दिली, ते कुठे भोगतायत? तुरुंगातून कपडे येतात त्यांची घडीसुद्धा मोडलेली नसते. मीच इस्त्री करते ना, मला दिसतं."

ती रागाने बोलली नाही. कपड्यावरचा डाग दाखवावा, तसे तिने दाखवले.

७. इतक्यात जुन्या शिपायाने अर्जदाराला ओळखले. "बाईसाहेब, तुम्ही इथे?" म्हणत तो धावत आला आणि झाल्या प्रकाराबद्दल माफी मागू लागला. अर्जदाराने नको म्हणायला हवे होते. तिने ते मनात म्हटले. पाय मात्र शिपायामागून गेले. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा रांग उधळली होती. अध्यक्षांच्या भेटीच्या बंदोबस्ताला दोन शिपाई लागले, रांगेतल्यांच्या मुलाखतीच्या खिडकीवर एकच उरला, आणि निम्मी माणसे व्हायच्या आत वेळ संपला. इस्त्रीवाली बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. तिची भेट झाली नव्हती. "पुढच्या खेपेला," एवढेच ती म्हणाली. मग उठून तिने अर्जदाराच्या हातातली, आतून आणलेल्या अध्यक्षांच्या कपड्यांची पिशवी मागून घेतली. नाहीतरी धुण्या-इस्त्रीसाठी ती तिच्याकडेच जायची होती, आणि दोघींना एकाच बसने जायचे होते. वाटभर दोघी शेजारी बसल्या. अर्जदाराने तिचे तिकीट काढायचा प्रयत्न केला, तो तिने करू दिला नाही.

८. त्यानंतर अर्जदाराने पहिला अर्ज केला. त्यात 'अर्जदारास इतर नातेवाइकांपेक्षा वेगळी वागणूक दिली जाते, ती थांबवावी' असे लिहिले होते. कार्यालयाकडून उत्तर आले की, तक्रारीची गंभीर दखल घेतली असून भेटीच्या खोलीत नवा पंखा बसवला आहे व संबंधित शिपायास समज दिली आहे. पुढच्या मुलाखतीला अर्जदार मुद्दाम रांगेत उभी राहिली आणि आत येणार नाही म्हणून अडून बसली. तेव्हा समज मिळालेल्या त्याच शिपायाने तिच्यासाठी रांगेतच खुर्ची आणून ठेवली. नंतर ऊन लागते म्हणून साऱ्या रांगेला भिंतीपासून बाजूला सरकवून खुर्ची सावलीत नेली. पुढची माणसे स्वतःहून वाट देऊ लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जा बाई लवकर, तुम्ही इथे असलात की आमचा खोळंबा होतो." त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते.

९. मग अर्जदाराने अध्यक्षांशीच बोलायचे ठरवले. पक्कड नावाच्या माणसाची हकिगत सांगितली आणि तुम्ही बराकीत जा, त्याला खाट मिळू द्या, असे म्हटले. अध्यक्षांनी आधी हसण्यावारी नेले, मग आवाज चढवला.

"माझं काय काय गेलंय ते दिसत नाही तुला? या गावात नळाला पाणी कोणी आणलं? मी आणलं. आता मला एक खाटही मिळू नये?"

"पाण्याबद्दल खाट मिळाली म्हणायचं," अर्जदार म्हणाली, "मग गॅलरीबद्दल काय मिळालं?"

अध्यक्षांनी शिपायाला हाक मारली आणि भेट संपली असे सांगितले. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी अर्जदाराला प्रथमच बाहेर काढले, आणि तेही अशा ठिकाणाहून, जिथून बाहेर पडायला बाकीची माणसे दिवस मोजतात.

१०. दुसरा अर्ज अर्जदाराने घरी जाऊन लगेच लिहिला. पती ठणठणीत आहेत, त्यांना बराकीत ठेवावे, अशी ती विनंती होती. त्यावर आपल्या कार्यालयातील लिपिकाचा घरी फोन आला. त्यांनी फार आपुलकीने विचारले की, घरात काही भांडण आहे का, बाहेरचे काही प्रकरण तर नाही ना, असेल तर संकोच करू नका. अर्जदाराने सांगितले की प्रकरण काहीही नाही, पतीची तब्येत चांगली आहे एवढेच आहे. लिपिक म्हणाले, असे आजवर कोणाच्या बायकोने कळवलेले नाही. आठवड्याभरात लेखी उत्तर आले. पत्नीच्या वर्तनामुळे रुग्णास मानसिक ताण आला असून त्यांचा रुग्णालयातील मुक्काम एक महिन्याने वाढवण्यात येत आहे, असे त्यात होते. म्हणजे खाट अडवून धरायला अर्जदाराचाही हातभार लागला. ते उत्तर तिने मुलीलाही दाखवले नाही.

११. वाढवलेल्या त्याच महिन्यात पक्कड बराकीत कोसळला. दुपारच्या जेवणाला उठला आणि तिथेच आडवा झाला. हे अर्जदाराला अध्यक्षांकडून कळले. पुढच्या मुलाखतीला ते खोलीत आले तेव्हा कपडे चुरगळलेले होते. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही.  मग अर्जदाराकडे न बघता म्हणाले,

"त्याला आणलं होतं. खाट नव्हती, म्हणून खाली सतरंजीवर निजवलं. माझ्या खाटेला लागून. हात खाली सोडला असता तर त्याला लागला असता."

अर्जदाराने विचारले, मग?

"मी उठलो नाही."

त्यांच्या आवाजात वेळ मारून नेण्याचा सूर नव्हता. का उठला नाहीत, असे अर्जदाराने विचारले. 

"उठलो असतो तर मला काही झालेलं नाही, हे सगळ्यांना दिसलं असतं."

संध्याकाळी मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो माणूस जमिनीवर होता. त्याच्या घशातून शिटीसारखा आवाज येत होता, असे अध्यक्ष म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड केले होते. हे सांगून त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. अर्जदाराला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. तिने हात ठेवला की नाही, ते या अर्जाच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही.

१२. पक्कड वाचला. पण अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही आणि बोटे मिटत नाहीत. अर्जदार इस्त्रीवालीच्या टेबलाशी गेली होती.  इस्त्रीवालीने काम थांबवले नाही. हात गेला तर गेला, माणूस आहे, असे ती म्हणाली. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही अर्ज लिहा, बाई. मला लिहिता येत नाही असं नाही. माझा कोण वाचणार?"

हा अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचला, तर तो अर्जदाराच्या नवऱ्याच्या नावामुळेच पोहोचेल, हे अर्जदाराला ठाऊक आहे. ज्या गोष्टीविरुद्ध अर्ज आहे, तिच्याच आधाराने तो करावा लागतो. दुसरा मार्ग तिला सापडला नाही.

१३. मोठ्या दवाखान्यातून पक्कडला परत आणले आहे. खाट रिकामी नसल्याने तो पुन्हा बराकीतच आहे. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे :

(अ) अध्यक्षांची तपासणी बाहेरच्या डॉक्टरांकडून व्हावी आणि ते निरोगी आढळल्यास त्याच दिवशी त्यांना बराकीत हलवावे.

(आ) ती खाट पक्कड या कैद्यास द्यावी. त्याच्यापेक्षा जास्त आजारी कोणी असेल तर त्याला द्यावी. कोणाला द्यायची ते डॉक्टरांनी ठरवावे, अर्जदाराने किंवा अध्यक्षांनी नव्हे.

(इ) सक्तमजुरी म्हणून इतरांना जे काम देतात तेच अध्यक्षांना द्यावे. त्यांना सुतारकाम येत नाही, बागकाम येत नाही. शिकवल्यास शिकतील.

(ई) मुलाखतीच्या दिवशी खिडकीवर पुरेसे शिपाई असावेत, म्हणजे रांगेतला कोणीही न भेटता परत जाणार नाही.

अध्यक्षांना जास्त शिक्षा द्यावी, असे अर्जदार म्हणत नाही. जास्त द्यावी की नाही, हे तिच्या घरी अजून ठरलेले नाही आणि ते ठरवणे आपल्याही अधिकारात नाही. न्यायालयाने दिली तेवढी पोहोचावी, इतकेच मागणे आहे.

१४. एक बाब राहिली. हा अर्ज देणार असल्याचे अर्जदाराने अध्यक्षांना गेल्या मुलाखतीत सांगितले. ते चिडतील, शिपायाला हाक मारतील, अशी तिची तयारी होती. तसे झाले नाही. वेळ संपल्याचे सांगायला शिपाई आला, तेव्हा दारापर्यंत गेले आणि परत आले. ज्या माणसाने हजारोंच्या सभेत कधी कागद हातात धरला नाही, त्याने शिपायाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारले, "बराकीत अंथरूण देतात का गं?"

अर्जदाराला माहीत नव्हते. विचारून सांगते, असे ती म्हणाली आहे. तरी त्याबाबत कृपया कळवावे.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
अर्जदार, खिडकीजवळच्या खाटेवरील कैद्याची पत्नी
दिनांक : ९ मार्च

सोबत : १) मागील दोन्ही अर्जांच्या प्रती. २) कार्यालयाची दोन्ही उत्तरे. ३) अध्यक्षांच्या गेल्या वर्षीच्या हृदयतपासणीचा अहवाल, दोष आढळला नाही.